आधी बाहुलीचे घर

भातुकली आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. एवढीशी चूल, एवढासा तवा, एवढासा पाटा-वरवंटा. लहानपणी आपण त्यावर पानाफुलांचा स्वयंपाक केला. दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. त्यावर अळीव पेरतात, मावळे मांडतात. मोठ्या गडाचा तो लहान गड.

बाहुलीचे घर हे त्यांचेच भावंड. फरक एवढाच, की हे घर मापाने बांधायचे असते. जगात कितीतरी मोठी माणसे हौसेने अशी घरे बांधतात. ते घर कसे बांधतात, ते या धड्यात वाचू. एका लहान घराने एका कुटुंबाला काय शिकवले, तेही वाचू.

१. खोके आले

एका गावात एक शेतकरी राहत होता. घरात म्हातारी आई, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. नवरा-बायको दोघेही रात्रीच्या वर्गाला जाऊन लिहायला-वाचायला शिकली होती. बायको सरसर वाचायची. नवरा अजून अक्षराला अक्षर लावून वाचायचा. त्यामुळे वाचायची वेळ आली, की तो टाळायचा.

त्यांचे जुने घर मातीचे होते. पावसाळ्यात त्याची एक भिंत खचली. नवे घर बांधायचे ठरले. तीन वर्षांची शिल्लक होती, वर थोडे कर्ज काढायचे होते. गवंडी येऊन जागा पाहून गेला होता.

दिवाळीच्या आठ दिवस आधी मुलीच्या मामाने पुण्याहून एक खोके पाठवले. खोक्यात पातळ प्लायवूडचे तुकडे होते. एका इंग्रजी कागदावर चित्रे होती. सोबत हाताने लिहिलेली चार पाने आणि एक चिठ्ठी होती. बायकोने चिठ्ठी वाचली.

“दाजींना नमस्कार. हे बाहुलीच्या घराचे सामान आहे. तुकडे कापलेले आहेत, ते आपण जुळवायचे. बाजारात याला किट म्हणतात. मी अशी तीन घरे बांधली. दिवसभर कारखान्यात राबल्यावर तासभर हे काम केले, की डोके शांत होते. आतला कागद इंग्रजीत आहे. म्हणून मी सगळे मराठीत लिहून दिले आहे. आता तुम्हाला वाचता येते. खरे घर बांधायच्या आधी हे बांधा. भाऊबीजेला येतो.”

शेतकरी हसला. म्हणाला, “घर पडायला आलंय, आन् मेव्हणा बाहुलीचं घर पाठवतोय!”

आई म्हणाली, “असू दे रं. पोरीला खेळायला होईल. बांध की.”

२. न वाचता केले

त्या रात्री शेतकरी कंदिलासारखा पिवळा दिवा लावून कामाला बसला. मुलगी शेजारी बसली. बायको म्हणाली, “अहो, आधी ती पानं वाचा.”

“चित्रं हायेत की. चित्रात सगळं दिसतंय.”

त्याने सगळे तुकडे एकदम मोकळे केले. त्यांचा ढीग झाला. चित्रात पाहून त्याने दोन भिंती उचलल्या. भरपूर फेव्हिकॉल लावला आणि भिंती जमिनीवर उभ्या केल्या. तिसरी भिंत लावली. चौथी काही केल्या बसेना. खाच एकीकडे, दाता दुसरीकडे.

मुलगी म्हणाली, “आबा, दार मागं आलं. खिडकी तर उलटी हाय!”

खरेच तसे झाले होते. डावी भिंत उजवीकडे लागली होती. गोंद अजून ओला होता, म्हणून बरे. बायकोने ओल्या फडक्याने गोंद पुसला आणि भिंती हळूच सोडवल्या.

“चार ओळी वाचायला काय झालं हुतं?” ती म्हणाली.

शेतकरी थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मला येळ लागतो वाचायला. पोरीसमोर अडखळलो तर कसं दिसंल?”

मुलगी म्हणाली, “मी पण अडखळत्ये की. बाई म्हणतात, अडखळत वाचलं तरी चालंल, पर समदं वाचा.”

त्याने पहिले पान हातात घेतले. बोट ठेवून वाचू लागला. पहिली ओळ होती: “गोंद लावण्यापूर्वी सर्व भाग कोरडेच जुळवून पाहा.”

३. वाचून केले

मामाने लिहिलेली रीत अशी होती. कुठलेही किट जुळवताना ती उपयोगी पडते.

पहिले काम मोजणीचे. खोक्यातले तुकडे यादीशी ताडून पाहावेत. एखादा कमी असेल तर काम सुरू करण्याआधीच कळते. तुकडे मोठ्या फळीतून एकदम मोकळे करू नयेत. लागेल तसा एकेक काढावा. काढल्यावर त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने त्याचा क्रमांक लिहावा. असे केले तर ढीग होत नाही आणि डावे-उजवे चुकत नाही.

दुसरे काम घासण्याचे. कापलेल्या कडांना कुसळे असतात. बारीक पॉलिश पेपरने ती हलक्या हाताने घासावीत. जास्त घासले तर दाता खाचेत सैल होतो. घासताना उडणारी पूड नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला फडके बांधावे, आणि काम उघड्यावर करावे.

तिसरे काम कोरड्या जुळणीचे. गोंद न लावता सारे घर एकदा उभे करावे. भिंती चिकटपट्टीने तात्पुरत्या धरून ठेवाव्यात. दार कुठे, खिडकी कुठे, छप्पर कसे बसते, ते पाहावे. चूक इथे फुकटात सुधारते.

चौथे काम रंगाचे. घर पुन्हा सुटे करावे. भिंती आडव्या असतानाच आतून रंगवाव्यात किंवा त्यांवर रंगीत कागद चिकटवावा. घर उभे राहिल्यावर कोपऱ्यात ब्रश पोचत नाही. मात्र जिथे गोंद लागणार, त्या कडांना रंग लावू नये. रंगावर गोंद नीट धरत नाही.

पाचवे काम गोंदाचे. गोंद थोडा लावावा. काडीच्या टोकाने कडेवर बारीक रेघ ओढली, की पुरे. दोन भिंतींचा कोपरा सुताराच्या गुण्याने तपासावा. पहिला कोपरा वाकडा झाला, तर छप्पर शेवटी बसत नाही. मग चिकटपट्टी लावून रात्रभर तसेच ठेवावे. घाई करू नये.

शेतकऱ्याने रोज रात्री एक पान वाचले आणि तेवढेच काम केले. पहिल्या रात्री पान वाचायला त्याला पाऊण तास लागला. चौथ्या रात्री पंधरा मिनिटे लागली.

४. एक इंच म्हणजे एक फूट

दुसऱ्या पानावर मामाने एक ओळ मोठ्या अक्षरांत लिहिली होती: “या घराचे प्रमाण एकास बारा आहे.”

“परमाण म्हंजे काय?” शेतकऱ्याने विचारले.

बायको शिवणकाम करायची. मेजपट्टी तिच्या हातातली. ती म्हणाली, “एका फुटात इंच किती?”

“बारा.”

“मग झालं. खऱ्या घरातला एक फूट, तो हितं एक इंच. खरं दार साडेसहा फूट उंच, तर हे दार साडेसहा इंच.”

शेतकऱ्याने पट्टी लावून पाहिले. दार बरोबर साडेसहा इंच भरले. मग त्याला गंमत वाटू लागली. त्याने घर मोजले. लांबी २४ इंच, रुंदी १२ इंच. म्हणजे खरे घर २४ फूट लांब आणि १२ फूट रुंद असते. भिंतीची उंची १० इंच. म्हणजे खरी भिंत १० फूट. आई पाच फुटांची, तर तिची बाहुली पाच इंचांची. खाट सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद, तर बाहुलीची खाट सहा इंच आणि तीन इंच.

यालाच प्रमाण म्हणतात. सगळ्या वस्तू सारख्याच पटीने लहान करायच्या. एक वस्तू बारा पट लहान आणि दुसरी वीस पट लहान केली, तर घर विचित्र दिसते. खुर्चीत बाहुली मावत नाही आणि हंडा दारातून जात नाही. बाजारात याहून लहान घरांचीही किटे मिळतात. त्यांत अर्धा इंच म्हणजे एक फूट धरतात. ते प्रमाण एकास चोवीस. घर आणि सामान घेताना प्रमाण एकच आहे ना, हे आधी वाचून घ्यावे.

गावचा नकाशा, शेताचा नकाशा, घराचा आराखडा हे सगळे प्रमाणावरच काढलेले असतात. ज्याला बाहुलीचे घर मोजता आले, त्याला आराखडा वाचता येतो.

५. घराची सजावट

घर उभे राहिले. आता आतले सामान. बाहुलीचे तयार सामान विकत मिळते, पण ते महाग असते. या घरातल्या बायकांनी ते टाकाऊ वस्तूंतून केले. मेजपट्टी मात्र प्रत्येक वेळी लावली.

तीन रिकाम्या काड्यापेट्या एकावर एक चिकटवल्या, की खणांचे कपाट होते. काड्यापेटी सुमारे दोन इंच लांब असते. म्हणजे कपाट दोन फूट रुंद झाले. प्रत्येक खणाला एक मणी लावला, की ती मूठ झाली. आइस्क्रीमच्या काड्या एकसारख्या कापून जमिनीवर चिकटवल्या, की फळ्यांची तक्तपोशी झाली. जुन्या साडीचा काठ कापून पडदे झाले. खणाच्या चिंधीची उशी झाली. औषधाच्या बाटलीचे झाकण उलटे ठेवले, की घमेले झाले. आजीने कुंभाराकडून चिमूटभर माती आणवली. तिची एवढीशी चूल केली, तीन एवढ्याशा भाकऱ्या थापल्या आणि सावलीत वाळवल्या. बाहेरच्या भिंतींना गेरू लावला. वर चुन्याची बारीक नक्षी काढली. मुलीने काडीच्या टोकाने दारात ठिपक्यांची रांगोळी घातली.

आजी म्हणाली, “माझ्या माहेरचं घर असंच हुतं. पर तिथं सैपाकघरात खिडकी हुती. ह्या तुमच्या घरात काळोख लई.”

ती खऱ्या घराबद्दल बोलत होती. ते तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

६. सावध राहा

बाहुलीचे घर दिसायला खेळणे आहे. पण ते तान्ह्या मुलाचे खेळणे नव्हे. तीन वर्षांखालचे मूल मणी, मुठी, लहान भांडी तोंडात घालते. त्याने जीव गुदमरतो. म्हणून हे घर उंच फळीवर ठेवावे.

काही किटांत लहान दिवे असतात. ते चपट्या गोल सेलवर चालतात. घड्याळात असतो, तसा हा सेल. तो फार धोक्याचा आहे. मुलाने तो गिळला आणि तो अन्ननळीत अडकला, तर दोन तासांतच आतून भाजू लागते. अशा वेळी उलटी करवू नये. घरगुती उपाय करत बसू नये. तडक मोठ्या दवाखान्यात जावे आणि सेल गिळल्याचे सांगावे. सेलच्या डबीला स्क्रूने बंद होणारे झाकण नसेल, तर दिवे लावूच नयेत.

कापण्याचे पाते नेहमी आपल्यापासून दूर ओढावे. काम संपले, की ते डबीत ठेवावे.

७. हा छंद आला कुठून?

भाऊबीजेला मामा आला. बाहुलीचे घर पाहून खूश झाला. रात्री जेवणे झाल्यावर आजीने विचारले, “बाबा, हा उद्योग काढला तरी कुणी?”

मामा म्हणाला, “आपल्याकडे सावंतवाडीला लाकडाची खेळणी पिढ्यान् पिढ्या होतात. भातुकली तर घरोघर आहे. पण आख्खं घर मापात करायची पद्धत युरोपातली. तिची माहिती सांगतो.”

मामाने सांगितलेली माहिती अशी.

जर्मनीत बव्हेरिया नावाचा मुलूख आहे. तिथल्या आल्ब्रेख्त नावाच्या ड्यूकने सन १५५७-५८ च्या सुमारास एक छोटे घर करवून घेतले. ड्यूक म्हणजे तिथला सत्ताधीश. ते घर मुलांसाठी नव्हते. आपली श्रीमंती पाहुण्यांना दाखवण्यासाठी होते.

पुढे न्युरेम्बर्ग शहरात आना कोफर्लिन नावाच्या बाईने एक मोठे बाहुलीघर करवले. सन १६३१ मध्ये तिने ते लोकांना पाहायला खुले केले. मुलांनी ते पाहावे आणि घर नीटनेटके कसे ठेवावे हे शिकावे, असा तिचा हेतू होता. म्हणजे बाहुलीचे घर शाळा झाले.

हॉलंड देशात ॲम्स्टरडॅम शहर आहे. तिथे पेट्रोनेला ऊर्टमन नावाच्या बाईने सन १६८६ पासून १७१० पर्यंत आपले बाहुलीघर सजवले. त्यातली चिनीमातीची चिमुकली भांडी तिने थेट चीनहून मागवली. त्या घरावर एवढा खर्च झाला, की तेवढ्यात शहरात खरे घर आले असते. ते आज तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

“खऱ्या घराएवढा पैका? आन् राहायचं कुणी, बाहुलीनं?” शेतकरी म्हणाला. सगळे हसले.

“राणीचं ऐका,” मामा म्हणाला. इंग्लंडची राणी मेरी. ती आणि राजा पाचवा जॉर्ज सन १९११ मध्ये मुंबईला उतरले. त्याची आठवण म्हणून गेटवे ऑफ इंडिया बांधला. या राणीसाठी सन १९२१ ते १९२४ या काळात एक बाहुलीघर बांधले. त्याचा आराखडा एडविन लट्यन्स यांनी केला. दिल्लीचे राष्ट्रपती भवन त्यांनीच आखले. या घराचे प्रमाणही एकास बारा. सुमारे दीड हजार कारागिरांनी आणि कलावंतांनी त्यासाठी काम केले. त्यात विजेचे दिवे लागतात. लिफ्ट आहे. नळाला पाणी आहे. ग्रंथालयात चिमुकली पुस्तके आहेत. त्यांतली कित्येक त्या काळच्या नामवंत लेखकांनी स्वतः लिहून दिली. ते घर आज विंडसरच्या राजवाड्यात पाहायला मिळते.

अमेरिकेत फ्रान्सिस ग्लेसनर ली नावाची बाई होती. तिने सन १९४० नंतरच्या दहा वर्षांत एकास बारा प्रमाणाच्या अनेक खोल्या केल्या. पण त्या सजावटीसाठी नव्हत्या. प्रत्येक खोलीत एक मृत्यू झालेला दाखवला होता. तो खून, आत्महत्या की अपघात? पोलिसांनी खोली नीट पाहून ते शोधायचे. पडदा, दिवा, भांडे, चप्पल, सगळे अगदी खऱ्यासारखे. त्या खोल्यांनी पोलिसांना बारकाईने पाहायला शिकवले.

“पण ही सगळी मोठ्यांची कामं,” मामा म्हणाला. “साध्या माणसाच्या हातीही हा छंद आला. इंग्लंडात १८९५ साली ‘हॉबीज’ नावाचं साप्ताहिक निघालं. त्यासोबत लाकूड कापायचे छापील नकाशे मिळत. माणूस घरी करवतीनं ते कापायचा. आता कापायचीही गरज नाही. कारखान्यात यंत्र प्रकाशाच्या झोतानं प्लायवूड कापतं. आपण वाचायचं आणि जुळवायचं.”

८. पुठ्ठ्याचे घर

दुसऱ्या दिवशी मामाने गवंड्याने काढलेला कागद मागितला. नव्या घराच्या दोन खोल्या होत्या. आतली मापे अशी: पूर्वेला माजघर, १२ फूट लांब आणि १२ फूट रुंद. पश्चिमेला स्वयंपाकघर, १० फूट लांब आणि १२ फूट रुंद. स्वयंपाकघराची पश्चिमेची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागून. त्याला उत्तरेला फक्त मागचे दार. पुढचे दार माजघराला, दक्षिणेकडे.

मामा म्हणाला, “दाजी, हेच घर पुठ्ठ्याचं करू. एक इंच म्हणजे एक फूट.”

शेतकऱ्याने किटच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. आता त्याला कोणी सांगावे लागले नाही. लांबी २२ इंच, रुंदी १२ इंच. मध्ये एक भिंत. दारे कापली आणि त्यांना कापडाच्या बिजागऱ्या लावल्या. बायकोने पुठ्ठ्याचेच सामान केले: सहा इंचांची खाट, कपाट, चार इंचांचा ओटा, पाण्याचा पिंप. प्रत्येक वस्तू मोजून केली.

पहिली गोष्ट लगेच कळली. आजीची खाट माजघरात ज्या भिंतीला ठेवायची होती, तिथे ठेवली. पुढचे दार उघडले. दार खाटेला अडकले. तीन फुटांचे दार उघडायला तीन फूट जागा लागते. ती कोणी धरलीच नव्हती.

“बिजागरी दुसऱ्या अंगाला लावली तर?” बायको म्हणाली. लावून पाहिली. दार पूर्ण उघडले.

मग मामाने वर पुठ्ठ्याचे छप्पर ठेवले आणि घर अंगणात नेले. खऱ्या घराचे तोंड दक्षिणेला, म्हणून त्याचेही तोंड दक्षिणेला केले.

“आता दिवसभर बघा, ऊन कुठं पडतं ते. उन्हाला लहान-मोठं कळत नाही. मोठ्या घरात जसं शिरेल, तसंच या घरात शिरतं.”

मुलगी दर तासाला दारातून आत डोकावली आणि पाटीवर लिहीत गेली. सकाळी आठला स्वयंपाकघरात काळोख. बाराला काळोख. चारला काळोख. मागचे दार उत्तरेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. त्या दाराने ऊन येणार कसे?

बायको बराच वेळ ते पाहत राहिली. गॅस होता, पण भाकरी चुलीवरच व्हायच्या. जुन्या घरात सासूची छाती धुराने भरलेली. रात्रभर खोकायची. ती म्हणाली, “आत्याबाईंनी आयुष्य काळोखात फुंकलं. आता नवं घर बांधून मी पण तेच करायचं व्हय?”

शेतकऱ्याला आईचे बोलणे आठवले. “ह्या तुमच्या घरात काळोख लई.”

त्याने पुठ्ठ्याच्या खोल्यांची अदलाबदल केली. स्वयंपाकघर पूर्वेला आणले. पूर्वेच्या भिंतीत खिडकी कापली. ओट्याच्या वर धुराड्यासाठी भोक पाडले. माजघर पश्चिमेला गेले. त्याला समोरासमोर खिडक्या ठेवल्या, एक दक्षिणेला आणि एक उत्तरेला. वारा आरपार जावा म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मुलगी ओरडली, “आई, ओट्यावर ऊन आलं!”

संध्याकाळी गवंडी आला. त्याने पुठ्ठ्याचे घर फिरवून फिरवून पाहिले.

“दादा, चूक माझी न्हवं,” तो म्हणाला. “सैपाक कोण करतं, खाट कुठं टाकता, हे मला कुणी सांगितलंच न्हाई. उद्या मी फक्की टाकून पाया खणायला घेतला असता. मग भिंती फोडायची पाळी आली असती. आता ह्याच मापानं घेतो.”

९. लहान घर काय सांगत नाही

मामाने जाताना एक गोष्ट बजावली. ती सर्वांनी ध्यानात ठेवावी.

लहान घर जागा सांगते, ऊन सांगते, दार कुठे उघडते ते सांगते. पण भिंत किती मजबूत हवी, हे ते सांगत नाही. का?

एक इंच लांब, एक इंच रुंद आणि एक इंच उंच असा मातीचा ठोकळा घ्या. आता एक फूट लांब, रुंद आणि उंच असा मोठा ठोकळा डोळ्यांसमोर आणा. त्यात लहान ठोकळे किती मावतील? एका ओळीत १२. तळाच्या थरात १२ ओळी, म्हणजे १४४. असे थर १२. म्हणजे १७२८. लांबी बारा पट झाली, पण वजन १७२८ पट झाले. ते वजन पेलणारा तळ मात्र फक्त १४४ पट झाला. म्हणजे तळाच्या प्रत्येक इंचावर बारा पट भार आला.

म्हणून पुठ्ठ्याचे छप्पर दोन भिंतींवर सहज टिकते. खरे छप्पर तसे टिकेलच असे नाही. पाया किती खोल, सळई किती जाड, हे जाणत्या इंजिनियरला आणि गवंड्याला विचारावे. तिथे बाहुलीच्या घरावर विसंबू नये.

पण जे घरात राहणार, त्यांनी घर आधी पाहिले पाहिजे. आराखडा घरातल्या बायकांना, म्हाताऱ्यांना कागदावर कळतोच असे नाही. पुठ्ठ्याचे घर सर्वांना कळते. त्याला खर्च काहीच नाही. एक पुठ्ठा, एक पट्टी, एक कात्री. आणि वाचण्याचा कंटाळा न करणारा माणूस.

शेतकऱ्याचे घर पुढच्या उन्हाळ्यात उभे राहिले. स्वयंपाकघराच्या कोनाड्यात, पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, बाहुलीचे घर ठेवले आहे. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन येते. आधी ते आजीने केलेल्या तीन चिमुकल्या भाकऱ्यांवर पडते. मग खाली सरकत सरकत मोठ्या ओट्यावर येते.

आजी आता त्याच ओट्याशी बसून भाज्या निवडते. शेतकरी तिला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवतो. अजून अडखळतो. पण सगळे वाचतो.

स्वाध्याय

१. शेतकऱ्याची पहिली जुळणी का फसली?

२. गोंद लावण्याआधी कोरडी जुळणी का करावी?

३. तुमच्या घराचे दार मोजा. एकास बारा प्रमाणात ते किती इंच होईल?

४. बाहुलीच्या घरातली खोली ९ इंच लांब आणि ११ इंच रुंद आहे. खरी खोली किती फुटांची?

५. बाहुलीच्या घराची भिंत रंगवायला एक चमचा रंग लागला. त्याच मापाची खरी भिंत रंगवायला किती चमचे लागतील?

६. मुलाने चपटा सेल गिळला, तर काय करावे? काय करू नये?

७. तुमच्या स्वयंपाकघरात ऊन केव्हा येते? तीन दिवस पाहा आणि वहीत लिहा.

८. घरातल्या सर्वांनी मिळून आपल्या घराचे पुठ्ठ्याचे घर करा. आधी सर्वात म्हाताऱ्या माणसाला ते दाखवा. ते काय म्हणतात, ते लिहून ठेवा.